शनिवारचं पाकीट

१४ फेब्रुवारी, बुधवार
राखेचा बुधवार. दुकान साडेपाचलाच बंद केलं. लग्नसराईच्या साड्या तशाच पडल्यात. पडू देत.

पाळकांनी विचारलं, लेंथच्या या चाळीस दिवसांत कोण काय सोडणार? बाहेर पडताना बायकांचं ठरलं. कुणी मटण, कुणी चहा, कुणी टीव्हीवरची मालिका. मला विचारलं. म्हटलं, ठरवते.

ठरवायचं काही नाही. काय सोडायला हवं ते ठाऊक आहे.

१५ फेब्रुवारी
दिवसभर फॉल-पिको. हिरव्या इरकलीला मिळता दोरा सापडेना. दुर्गदबैलाला मुलगी पाठवली, तिनं पोपटी आणला. परत पाठवली.

१७ फेब्रुवारी, शनिवार
भाऊजी आले. पायरीखालीच उभे राहिले. "सलाम, वहिनी." हात लांब करून पाकीट काउंटरवर ठेवलं. मी धागे कापत राहिले. ते गेले.

पाकीट बिस्किटांच्या डब्यात टाकलं. उघडलं नाही. नाताळापासूनची सगळी तशीच आहेत.

१८ फेब्रुवारी, रविवार
महिला मंडळाच्या बायकांनी गाठलं. ५ एप्रिल, पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. "अक्का, तुम्ही मराठी. तुम्हीच बोला." बोलायचं मात्र कानडीत. हो म्हटलं. बाबांची पुस्तकांची पेटी काढायला हवी.

२१ फेब्रुवारी
पेटी काढली. वाळवी लागलेली नाही, देवाची कृपा. अरुणोदय, स्मृतिचित्रे, रमाबाईंची साक्ष. बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा जागोजागी.

रमाबाईंच्या आधी अरुणोदयच उघडलं, बाबा पदमनजींचं आत्मचरित्र. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१. बाप्तिस्मा १८५४ साली, बेळगावातच. इथून गाडीनं दोन-अडीच तास. मनाला आधीच पटलं होतं. मुंबईत शिकले, परमहंस सभेत जाऊन आले, वाद घातले, वाचलं. पण घरच्यांची माया आणि धाक, पाय निघेना. पटणं आणि पाऊल उचलणं यात वर्षं गेली.

त्यांचं पाऊल सगळ्या जगाला दिसलं. माझ्यासारखीनं काय सोडायचं? सोडायचं ते आजोबांनी सोडलं. आई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला तो दवाखाना. आमच्या घरी त्यांचं नाव वाडवडिलांसारखं घेत. मांडीवर असताना माझा बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण. लग्न होऊन हुबळीला आले तर इथली मंडळी कानडी, बासेल मिशनची. १८३९ पासून इथं काम. इथंही सगळं आयतं मिळालं. तुमचा नवा जन्म कधी झाला असं कुणी विचारलं तर मला तारीख सांगता येत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
भक्तीनंतर भाऊजींनी साक्ष दिली. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

कानडीत बोलले. चांगलं बोलले. पिणं कसं लागलं, नोकरी कशी गेली, गटाराच्या कडेला सकाळ कशी व्हायची. मग म्हणाले, "भाऊ दवाखान्यात होता. मी वहिनींच्या कपाटातून पाटल्या काढल्या, गहाण टाकल्या आणि प्यालो." सगळ्या मंडळीसमोर. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कुणीकुणी डोळे पुसले.

बाहेर आल्यावर हात धरले माझे. "देवानं किती मोठं काम केलं, अक्का!" मी मान हलवली.

पाटल्या माझ्या. आईनं रात्रपाळ्या करून केलेल्या. औषधांच्या बिलासाठी कपाट उघडलं, मखमलीचा बटवा उचलला, आणि हाताला वजन लागलं नाही. ती घडी माझी होती. यांनासुद्धा मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, इतकी माझी. आज ती भाऊजींच्या साक्षीत गेली. मंडळी रडून मोकळी झाली.

लिहिताना हात थरथरतो. फाडणार नाही हे पान.

२६ फेब्रुवारी
झोप नाही.

२ मार्च, शनिवार
पाकीट. "सलाम, वहिनी." मी आत पडद्यामागं गेले, माप घ्यायचं आहे असं दाखवून. तिथं कुणी नव्हतं.

४ मार्च
नळाला रात्री दोनला पाणी आलं, आठवड्यानं. यंदा पाऊसच नाही, मलप्रभेचं धरण खाली गेलंय. वेळ ठरलेली नाही, त्यामुळं घर सोडून कुठं जाता येत नाही. हंडे, बादल्या, पिंप, वरची टाकी. हे होते तेव्हा दोघं मिळून भरायचो.

६ मार्च
रमाबाई.

जन्म १८५८, गंगामूळच्या रानात. म्हणजे आपल्याच कर्नाटकात. हे आधी सांगायचं, बायकांना जवळचं वाटेल. बाप अनंतशास्त्री डोंगरे; बायकोला संस्कृत शिकवलं, लेकीलाही. सगळं कुटुंब पायी तीर्थं हिंडलं. दुष्काळात आईबाप गेले, पाठोपाठ बहीण. मग भाऊ. लग्न झालं, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा गेला. कडेवर मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा. मग अमेरिका. तिथं पुस्तक लिहिलं, पैसे जमवले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन.

इथपर्यंत मला पाठ होतं. शाळेत आम्हाला हेच शिकवलं. आज साक्षीत पुढं वाचलं आणि थांबले.

त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतरही बरीच वर्षं त्यांच्या हाती धर्म आला होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, त्याची गाठ पडली नव्हती. ती पडली १८९१ च्या सुमाराला. म्हणजे पुस्तक लिहून झालं होतं. समुद्र ओलांडून झाला होता. विधवांसाठी घर उघडून झालं होतं. पुण्याच्या पंडितांचा राग सोसून झाला होता. एवढं सगळं केलेली बाई म्हणते, मी अजून बाहेरच होते.

आणि सापडलं काय? तर आपल्या चांगुलपणानं मिळवायचं काही उरलेलं नाही. पापी म्हणून जावं. आहे तसं, आत्ता.

रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवला. मी कधी पापी म्हणून गेले आहे? दर रविवारी पापांगीकार तोंडानं म्हणते. म्हणताना डोळ्यांसमोर दुसऱ्यांची पापं असतात. पहिलं तर भाऊजींचं.

९ मार्च, शनिवार
काल शिवरात्र झाली, आज सिद्धारूढ मठाचा रथ. स्टेशनकडून माणसांचा लोंढा. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका दुकानात पाणी प्यायला थांबल्या, मराठी पाटी बघून. गप्पा झाल्या. एकीनं विचारलं, "तुम्ही आमच्यातल्या का?" म्हटलं, मिरजेची.

गर्दीतून वाट काढत भाऊजी आलेच. पाकीट. बायकांनी विचारलं, कोण? "दीर," म्हटलं. हा शब्द तोंडातून कैक महिन्यांनी निघाला.

११ मार्च
पवित्र शास्त्रात जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचली. जकातदार. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हणाला. येशू त्याच्या घरी उतरला. प्रवचनं सगळी जक्कयावर होतात. ज्यांच्या दारात तो ते चौपट घेऊन गेला असेल, त्यांच्याबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. मला त्यांची काळजी लागून राहिली आहे. त्यांनी दार उघडलं का? पैसे घेतले का? घेताना काय बोलले?

१३ मार्च
शेजारच्या मुलाला शाळेचा प्रकल्प: आपल्या लॅमिंग्टन रोडचं नाव. मोबाइल घेऊन आला, दोघांनी मिळून शोधलं. लॉर्ड लॅमिंग्टन, १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. तेव्हा हुबळी मुंबई इलाख्यात. पुढं एक गोष्ट सापडली ती मला माहीत नव्हती. १९४० साली लंडनमध्ये उधमसिंगांनी ओडवायरला गोळी घातली, तेव्हा लॅमिंग्टन त्याच व्यासपीठावर होता. हाताला गोळी लागली. तारीख १३ मार्च. आजचीच. मुलगा टाळ्या पिटायला लागला.

हा सूड जालियनवालाचा, १९१९ चा. एकवीस वर्षं मनात धरलं त्या माणसानं. मरणाऱ्यांच्या नावानं धरलं, देशासाठी धरलं, आणि स्वतः फासावर गेला. त्याच्यापुढं मान लववते. पण मी धरून बसले आहे ते कुणाच्या नावानं? हे तर जाताना म्हणून गेले, त्याच्याकडं बघ म्हणून.

१६ मार्च, शनिवार
पाकीट. भाऊजींचा शर्ट इस्त्रीचा. पायात नव्या चपला. कुठं कामाला लागलेत कळत नाही, विचारत नाही.

१९ मार्च
जाऊ आली. पहिल्यांदाच एकटी. ब्लाउज शिवायचं निमित्त. मशीनजवळ स्टुलावर बसली. म्हणाली, गोदामावर हमालांचा हिशेब लिहितात, पगार शनिवारी. पगार हातात आला की घरी यायच्या आधी तुमच्याकडं. "मी काही म्हणत नाही, अक्का. आधी तुमचं."

जाताना एक पत्रक ठेवून गेली, भाऊजींच्या सभेचं. ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. त्यांच्यात कुणी लिंगायत, कुणी मुसलमान, कुणी कॅथलिक, सगळे एका गोलात बसतात. रात्री वाचलं. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं दारूनं बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे निघालं. दोघं आधी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती लोकांत जात होते. कबुली, भरपाई, प्रार्थना हे तिकडूनच आलं. पुढं बारा पायऱ्या झाल्या. आठवीत, ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी. नववीत, जमेल तिथं समक्ष जाऊन भरपाई. मात्र त्यानं समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर नाही.

या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. २५ फेब्रुवारीला मला इजा झाली. हे भाऊजींना कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच.

२२ मार्च, शुक्रवार
घरसभा आमच्या घरी. पोहे, सरबत. बायकांनी दारुड्या नवऱ्यांसाठी, बिघडलेल्या मुलांसाठी प्रार्थना केल्या. माझी पाळी आली तेव्हा मी पावसासाठी केली.

रात्री रमाबाईंच्या केडगावचं वाचलं. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली हजारांनी. त्यांच्याबरोबर कृपासदन, ज्यांना गावानं बाटलेल्या म्हणून टाकलं त्यांच्यासाठी. रमाबाई त्यांच्यात राहिल्या, त्यांच्याबरोबर जेवल्या. १९०५ साली तिथं मोठं जागरण झालं, मुली रात्र-रात्र पापं कबूल करून रडल्या. बाकीचं जग त्या रडण्याबद्दल लिहितं. मला दुसरंच दिसतं. सकाळी त्याच मुली दळायला बसल्या, कापड विणायला बसल्या, छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या. मशीनवर बसते म्हणून दिसत असेल मला.

२४ मार्च, रविवार
झावळ्यांचा रविवार. मुलांनी झावळ्या हलवत रस्त्यावरून फेरी काढली. उन्हानं झावळ्या दुपारपर्यंत वाळल्या. रात्री कोपऱ्यावर होळी पेटली, हलगी सुरू. उद्यापासून चौकाचौकात कामण्णाच्या मूर्ती.

२७ मार्च
उगादीच्या साड्या आल्या. मान वर करायला वेळ नाही. बरं आहे.

२८ मार्च, गुरुवार
प्रभुभोजनाची भक्ती. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर आधी जा, समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. लहानपणापासून ऐकते. आज लक्षात आलं, ते तर ज्याचं देणं आहे त्याला सांगितलंय. भाऊजींना. आणि ते तर दर शनिवारी येतायत. वाट अडवून कोण बसलंय?

माझ्या बाकाची पाळी आली. उठले नाही. भाऊजी पलीकडच्या रांगेत गुडघे टेकून होते. मी आधीच बाहेर पडले.

२९ मार्च
उत्तम शुक्रवार. बारा ते तीन. सात वचनं. पहिलं क्षमेचं. ते एवढंच ऐकू आलं, पुढची सहा कानांवरून गेली.

३० मार्च, शनिवार
रंगपंचमी. लॅमिंग्टन रोडवर सकाळपासून धिंगाणा. शटर अर्धं ओढून आत बसले. डीजे, पिंपानं रंग, तरुण पोरं शर्ट फाडून नाचतायत. दुपारपर्यंत कितीतरी जण पिऊन तर्र.

साडेआठ झाले. नऊ झाले. भाऊजी आले नाहीत.

रात्र. लिहायलाच हवं, नाहीतर ही वही खोटी.
नऊ वाजले तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठंतरी गार झालं. बघा, म्हटलं होतं ना. साक्ष देऊन काय होतं. उद्या ईस्टर, उद्या मंडळीलाही कळेल. त्या हात धरणाऱ्या बायकांनाही कळेल. मी गॅसवर दूध ठेवलं आणि गुणगुणत होते. ईस्टरचंच गीत गुणगुणत होते.

दूध उतू गेल्यावर भान आलं. एक माणूस परत गटारात पडला असेल म्हणून मी गात होते.

भाऊजी प्यायचे ते लपत नव्हतं, वास यायचा. माझं कुणाला दिसलं नाही. मी सभेत बोलते, अर्पण देते, आजाऱ्याच्या घरी डबा नेते. आज मला माझा वास आला.

पाटल्या गेल्या ते खरं. मी दुखावले ते खरं. पण त्या दुखण्याला मी इतकी वर्षं अन्न घातलं, मोठं केलं. त्याला भाऊजी पडलेले हवेत. ते उभे राहिले तर ते जगणार कशावर?

गुडघे टेकले. शब्द नव्हते. फक्त म्हटलं, प्रभू, हे माझं आहे.

३१ मार्च, ईस्टर
पहाटे सूर्योदयाची भक्ती. भाऊजी नाहीत. मी चरकले. जाऊ मागच्या बाकावर एकटी. भक्ती संपल्यावर मीच तिच्याकडं गेले.

तिनं पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. म्हणाली, काल सकाळीच मित्र खाली जमले, हलगी घेऊन. नाव घेऊन हाका. पूर्वी रंगपंचमीला तेच पुढं असायचे. "मला म्हणाले, बाहेरून कडी लाव. कुलूप घाल. मी ओरडलो तरी उघडू नकोस. मी कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन आईकडं गेले. संध्याकाळी आले तर जमिनीवर बसलेले, घामानं भिजून, शास्त्र मांडीवर. तुमचं पाकीट उशाला. म्हणाले, वहिनींचा शनिवार चुकला."

आज अंगात ताप आहे म्हणाली. झोपलेत.

मंडळी एकमेकांना प्रभू उठला आहे म्हणत होती. मला बोलता येईना. तिचा हात धरून उभी राहिले.

१ एप्रिल
अकरापर्यंत पिको. दुपारी मशीन बिघडलं. बॉबिन केस घासली आहे, नवी घालावी लागेल.

२ एप्रिल, मंगळवार
गेले. गदग रोडला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागं. खोली पहिल्यांदाच बघितली. दाराला बाहेरून लोखंडी कडी, नवीन, भोवतीचा लाकडाचा भुसा अजून उंबऱ्यात. ती शुक्रवारीच बसवून घेतली होती, म्हणजे शनिवारी काय होणार ते त्यांनी आधीच ओळखलं होतं.

भाऊजी उठून उभे राहिले. मी म्हटलं, "सलाम, भाऊजी."

त्यांना उत्तर देता आलं नाही. भिंतीला धरून खाली बसले.

चहा झाला. मग मनातलं होतं ते बोलले. "पाटल्यांचं मंडळीत परत सांगायचं नाही. ते तुमचं पाप असेल, पण घाव माझा आहे. मला विचारल्याशिवाय सांगायचा नाही." ते म्हणाले, "चुकलो, वहिनी. मला वाटलं, लपवलं तर साक्ष खोटी होईल." म्हटलं, "देवाला सांगा. मला सांगा. मी ऐकते." त्यांनी मान हलवली. जाऊ चुलीकडं तोंड करून उभी होती.

मी माफ केलं हे वाक्य काही मी बोलले नाही. जमलं नाही. पण पाच वाजेपर्यंत बसले. उठावंसं वाटलं नाही.

३ एप्रिल
सकाळी उठले तर राग परत. जसाच्या तसा, उशाशी. आईच्या हातातल्या पाटल्या दिसल्या आणि छाती भरून आली. मग कालचं सगळं खोटं का?

पुष्कळ वेळ विचार केला. खोटं नव्हतं. कालपर्यंत राग घरधनी होता, आज दारात येऊन उभा आहे. बसायला पाट द्यायचा की नाही ते माझ्याकडं आहे. आणि तेवढंही माझ्या बळावर नाही, हे शनिवारी रात्री कळलं. भाऊजींना कुलूप लागलं, मलाही लागणार. प्रार्थना करून दुकान उघडलं. दुपारपर्यंत राग निघून गेला. उद्या परत येईल. येऊ दे.

४ एप्रिल
स्मृतिचित्रे चाळलं. नवऱ्याचा, टिळकांचा, तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी कुठं झाकला नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५, लक्ष्मीबाईंचा १९००. मधली पाच वर्षं केवढी ताटातूट, केवढी ओढाताण. ते त्यांच्या गतीनं, ही तिच्या गतीनं. एका घरात दोघांचं घड्याळ एक नसतं. देव दोघांसाठी थांबला.

५ एप्रिल, शुक्रवार
रमाबाईंना जाऊन आज १०२ वर्षं. मनोरमाबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. लेक गमावून, कान गेलेले, तरी शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते पुरं केलं आणि गेल्या.

बोलले. कानडी अडखळलं दोन-तीनदा, बायकांनीच शब्द पुरवले. मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली हे सांगितलं तेव्हा सगळ्या खूश. मग १८८३ आणि १८९१ सांगितलं. मधली वर्षं सांगितली. म्हटलं, चांगली कामं करणाऱ्या बाईलाही पापी म्हणून यावं लागतं, आणि तिला ते जास्त कठीण जातं, कारण तिच्या अंगाला वास येत नाही. एवढं बोलून थांबले. स्वतःचं सांगितलं नाही. त्यात भाऊजींचंही आहे, त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगू?

मागं जाऊ बसली होती. तिनं डोळे पुसले नाहीत, सरळ माझ्याकडं बघत होती.

६ एप्रिल, शनिवार
साडेआठ. भाऊजी पायरी चढून आत आले. "सलाम, वहिनी." "सलाम. बसा."

डबा काढला. सगळी पाकिटं त्यांच्यासमोर फोडली. काही नोटा एकमेकींना चिकटलेल्या. मोजल्या, दुकानाच्या बिलबुकातून पावती फाडली, दिली. नको म्हणाले. म्हटलं, घ्यायची. पुढच्या शनिवारीही घ्यायची. मी पैसे घेणार आहे, सगळे. तुमचं तुम्हाला फिटू दे. पावती त्यांनी घडी घालून शास्त्रात ठेवली.

मग कामाचं बोललो. धाकट्या भावाच्या मुलीचा साखरपुडा मिरजेला. लेंथमध्ये नको म्हणून पुढं ढकललेला, आता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. चार दिवस जायला हवं. पाण्याचं काय? नळाला कधी येईल सांगता येत नाही, कुणीतरी घरात हवं.

"मी येतो," म्हणाले. मग लगेच, "नको. हिला पाठवतो."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. कपाट त्याच खोलीत आहे. दोघांनाही ठाऊक.

"तुम्हीच या," म्हटलं. किल्ली दिली. हात माझाच कापत होता, त्यांचा नाही.

८ एप्रिल, सोमवार
मिरज गाडी. धारवाडपर्यंत बसायला जागा नाही. बेळगाव आलं तेव्हा खिडकीतून बघत राहिले. बाबा पदमनजींचं गाव.

९ एप्रिल, पाडवा
शेजारच्या वाड्यांवर गुढ्या. घरी पुरणपोळी, शेजाऱ्यांकडूनही आली. भावाला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. रात्री म्हणाला, किल्ली दिलीस ते बरं केलंस की नाही, मला नाही सांगता येत. मलाही नाही येत, म्हटलं.

१० एप्रिल, बुधवार
पहाटे चारला उठून बसले. किल्लीच आठवत होती. राग नाही, भीती. प्रार्थना केली, परत आडवी झाले, झोप लागली नाही.

साडेसहाला फोन. भाऊजी. मागं पाण्याचा आवाज. "वहिनी, पाणी आलं, तीनपासून. पिंपं भरली, हंडे भरले, वरची टाकी भरत आली. टाकीचा कॉक गळतोय, वॉशर गेलाय. कोप्पीकर रोडवरनं आणून बदलू का?"

बदला म्हटलं. पैसे काउंटरच्या खणात आहेत, त्यातले घ्या.